शंभर तासांचा गेम आणि हाताशी असलेला अर्धा तास

सेलमध्ये घेतलेला ‘द विचर 3’ हा गेम लायब्ररीत पडून आहे. त्याचा नायक गेराल्ट अजून व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या भागाच्या पुढे सरकलेला नाही, आणि आता गेम उघडला तर कुठल्या बटणाने जादूचे चिन्ह मारायचे हेही आठवत नाही. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या बहुतेक आरपीजीप्रेमींची (आरपीजी म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन लांब कथा खेळायचा गेम) गाडी इथेच अडते, आणि दोष वेळेला दिला जातो. पण आठवड्याला चार तास मिळत असतील तर पन्नास तासांची कथा तीन महिन्यांत संपते. शंभर तासांची सहा महिन्यांत. लांब गेम अर्धवट राहतो तो मधला धागा सुटल्यामुळे. दहा दिवस गेम उघडला नाही की आपण या किल्ल्यात कशाला आलो, ही बाई कुणाच्या बाजूची, झोळीत ही किल्ली कुठून आली, यातले काही आठवत नाही. मग उघडायचाच कंटाळा येतो, दहाचे वीस दिवस होतात आणि गेम कायमचा राहतो.

वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालते, पण कुणी एकटा चोवीस तास गात नाही. पार, म्हणजे गाण्याच्या पाळ्या, वाटून दिलेले असतात आणि एका पारातली मंडळी उठायच्या आत पुढची मंडळी तयार असतात. लांब गेमही असाच खेळायचा. आजचा पार संपवताना पुढचा पार कुठून उचलायचा याची तयारी करून उठायचे. खालच्या सगळ्या पायऱ्या कमी-अधिक प्रमाणात याच कामाच्या आहेत.

1. आठवडा आहे तसा मोजा

एका कागदावर सोमवार ते रविवार लिहा आणि गेल्या आठवड्यात प्रत्यक्षात किती वेळ रिकामा मिळाला तो मांडा. मिळायला हवा होता तो मांडू नका. फोंड्याहून पणजीला रोज ये-जा करणाऱ्याचे दोन तास रस्त्यावरच जातात. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याचा आठवडा दर वेळी बदलतो, त्यामुळे त्याने ‘रोज रात्री दहा वाजता’ असला नेम करूच नये. त्याने पाळीप्रमाणे वेगवेगळे कागद करावेत. (गोव्यात सगळे सुशेगाद असतात असे बाहेरच्यांना वाटते. त्यांना एकदा तिसऱ्या पाळीच्या बसमध्ये बसवायला हवे.) म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या बाजारात दुकान असेल तर गोष्ट निराळी. दुपारी शटर खाली येते ते साडेतीन-चारला वर जाते. जेवण आणि डुलकी धरूनही त्यातून पाऊण तास निघतो, आणि भर दुपारी घर शांत असते. हॉटेल-पर्यटनात असाल तर ऑक्टोबरपासून पुढचे महिने विसरा आणि पावसाळ्यावर भिस्त ठेवा.

जो आकडा येईल त्याचा अर्धा करा. पाहुणे येतात, मूल आजारी पडते, कुणाच्या तरी घरी सत्यनारायण निघतो. उरलेला अर्धा हा तुमचा खरा आकडा. बहुतेकांचा तो आठवड्याला तीन ते पाच तासांच्या मध्ये कुठेतरी पडतो, आणि तेवढा पुरतो.

2. गेम निवडताना लांबीआधी त्याचा स्वभाव पाहा

लांबी कळणे सोपे आहे. ‘हाउ लाँग टू बीट’ या संकेतस्थळावर खेळाडूंनी नोंदवलेले तास असतात: फक्त मुख्य कथा, मुख्य कथा अधिक जोडकथा, आणि सगळे काही. ‘विचर 3’ची मुख्य कथा सुमारे 50 तासांची, वाटेतल्या गोष्टी करत गेलात तर आकडा दुप्पट होतो. ‘पर्सोना 5 रॉयल’ मुख्य कथेलाच शंभर तास घेतो. ‘बॉल्डर्स गेट 3’ साठ-सत्तरच्या खाली क्वचितच येतो. मधला आकडा धरा, कारण जोडकथा अजिबात न करता कुणी खेळत नाही. शिवाय हे तास सराईतपणे इंग्रजी वाचणाऱ्यांचे असतात. ‘डिस्को एलिझियम’मध्ये दहा लाखांहून अधिक शब्द आहेत आणि मारामारीचा स्वतंत्र भागच नाही, सगळा खेळ वाचनाचा. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला असल्या गेमला थोडे जास्त तास लागतील. त्यात कमीपणा नाही, फक्त हिशेबात धरून ठेवा.

स्वभाव ओळखायला मात्र चार प्रश्न विचारावे लागतात.

सेव्ह कुठेही करता येते का? हा पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न. ‘बॉल्डर्स गेट 3’ लढाईच्या मध्यावर, तुमची पाळी चालू असतानाही सेव्ह करू देतो. दारावरची बेल वाजली तरी काही बिघडत नाही. ‘पर्सोना 5’मध्ये राजवाड्यात, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या चक्रव्यूहात, शिरलात की ठरावीक सुरक्षित खोली गाठेपर्यंत सेव्ह नाही. 2018च्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ने तर कमाल केली होती. हवे तेव्हा सेव्ह करायला नायकाने एक खास मद्य प्यायचे, आणि जास्त प्याला तर तो झिंगतो! आमच्या हुर्राकवाल्यांना कल्पना आवडली असती, पण घाईत असलेल्या खेळाडूंना ती जड गेली. पुढे अपडेटमधून ‘सेव्ह करून बाहेर पडा’ अशी सोय आली.

थांबवता येतो का? ‘एल्डन रिंग’मध्ये मेनू उघडला तरी राक्षस तुमच्यासाठी थांबत नाही. घरात लहान मूल असेल तर असला गेम सध्या लांब ठेवा.

लढाई आळीपाळीची आहे की हातघाईची? आळीपाळीच्या, म्हणजे टर्न-बेस्ड गेममध्ये तुम्ही चाल करेपर्यंत शत्रू उभा राहतो. आमटीला उकळी आली म्हणून उठून जाता येते. हातघाईच्या गेममध्ये बोटांना सवय लागते आणि आठवडाभराच्या खंडाने ती मोडते. व्यग्र माणसाने पहिला गेम टर्न-बेस्ड घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, ‘विचर’ कितीही खुणावत असला तरी.

चौथा प्रश्न: मागची कथा गेम स्वतः सांगतो का? ‘ड्रॅगन क्वेस्ट 11’ सेव्ह उघडताना आतापर्यंत काय घडले ते दाखवतो. ‘विचर 3’ लोड होताना गेराल्टचा मित्र डँडेलियन याच्या आवाजात चित्रकथेसारखा सारांश ऐकवतो. पूर्वी लोक त्याला कंटाळून बटणे दाबायचे. पंधरा दिवसांनी परतणाऱ्याने ती दोन मिनिटे शांतपणे ऐकावीत.

फार वर्षांनी पुन्हा खेळायला बसत असाल तर थेट शंभर तासांवर उडी मारू नका. 1995चा ‘क्रोनो ट्रिगर’ वीस-पंचवीस तासांत संपतो आणि फोनवरही मिळतो. 2025मध्ये आलेला ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन 33’ सुमारे तीस तासांचा आहे, आळीपाळीचा आहे आणि कथा पहिल्या तासातच गळा धरते, फक्त शत्रूचा वार चुकवायला बटण अचूक क्षणी दाबावे लागते, तेवढी नोंद घ्या. ‘अंडरटेल’ तर सात-आठ तासांचा, म्हणजे दोन आठवड्यांत संपेल. एक कथा शेवटपर्यंत नेली की पुढची हातात धरायचा धीर येतो.

3. यंत्र पटकन उठेल आणि वीज गेली तरी मार खाणार नाही असे लावा

अर्ध्या तासातली सात मिनिटे सुरू होण्यात गेली तर बसायची इच्छाच उरत नाही. निन्टेन्डो स्विच आणि स्टीम डेक ही हातात धरायची यंत्रे बटण दाबले की झोपतात आणि पुन्हा दाबले की त्याच क्षणावर उठतात. पीएस5ला (प्लेस्टेशन 5) याच कामासाठी रेस्ट मोड आहे, एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एसला क्विक रिझ्यूम. पीसी असेल तर गेम एसएसडीवरच, म्हणजे वेगवान डिस्कवरच, ठेवा. ‘बॉल्डर्स गेट 3’सारखा गेम 150 जीबी जागा आणि एसएसडी दोन्ही मागतो.

आता आपल्याकडची गोष्ट. जूनपासून वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि सत्तरी-पेडण्याकडे राहत असाल तर हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पीएस5 रेस्ट मोडमध्ये असताना वीज गेली की थांबवलेला गेम बंद पडतो. शेवटचा सेव्ह तेवढा राहतो. म्हणून रेस्ट मोडवर विसंबायचे नाही. आधी सेव्ह, मग झोपवणे. क्विक रिझ्यूम स्थिती एसएसडीवर लिहून ठेवतो, त्यामुळे तो वीज जाण्यातून सहसा वाचतो. स्विच आणि डेकला बॅटरीच असते. पीसी आणि कन्सोलसाठी छोटा यूपीएस घ्या. तो खेळत राहण्यासाठी नसतो. सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती मिनिटे त्याने दिली की बस. आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. त्या वेळी यूपीएसची परीक्षा पाहू नका.

अपडेट रात्री आपोआप होतील असे लावा. गुरुवारी रात्री मोठ्या मुश्किलीने मिळालेला पाऊण तास डाउनलोडची पट्टी पाहण्यात गेला तर माणूस गेमवर नाही, स्वतःवर चिडतो. सेव्ह क्लाउडवर जातील याचीही खात्री करा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात बऱ्याच गेमना आणि एक्सबॉक्सवर ही सोय फुकट आहे. प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोला त्यासाठी वर्गणी भरावी लागते.

बसमध्ये खेळायचे म्हणत असाल तर फोन बरा. कदंबाच्या पणजी–मडगाव शटलमध्ये बसायला जागा मिळाली तर ‘क्रोनो ट्रिगर’चा एखादा प्रसंग होतो. फोंड्याच्या वळणांवर बारीक अक्षरे वाचून मात्र मळमळते. चोडणची फेरीबोट खेळायला फारच थोडा वेळ देते; तिथे आपले नदीकडे पाहावे.

4. सेटिंग्जमध्ये एकदाच दहा मिनिटे घाला

काठिण्य पातळी कमी करा. लाज कसली? ‘विचर 3’च्या सर्वात सोप्या पातळीचे नावच ‘फक्त कथा’ अशा अर्थाचे आहे, म्हणजे बनवणाऱ्यांनाच तुमची अडचण ठाऊक होती. ‘बॉल्डर्स गेट 3’मध्ये ‘एक्स्प्लोरर’ घ्या. एकाच बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूपाशी, सलग तीन रात्री मार खाल्ला तर कथेचे पात्रही डोक्यातून जाते. सबटायटल चालू आणि अक्षरे मोठी. हेडफोन जवळ. जुन्या ‘फायनल फँटसी 7’च्या नव्या यंत्रांवरच्या आवृत्तीत तिप्पट वेग आणि वाटेतल्या अचानक लढाया बंद करण्याची सोय आहे, दोन्ही वापरा, 1997मध्ये शाळकरी असताना जो वेळ होता तो आता नाही.

5. दोन प्रकारच्या बैठका ठरवा

सगळे तास सारखे नसतात, आणि सगळ्यात जास्त फायदा हे ओळखण्यात आहे. रात्री साडेदहानंतरचा अर्धा तास थकलेला असतो. त्या वेळी राज्याचा वारस कोण, कुणाला वाचवायचे असले निर्णय घेऊ नका. ती ‘घरकामाची बैठक’ धरा: झोळी आवरणे, नकोशी शस्त्रे विकणे, लेव्हल वाढल्याचे गुण वाटणे, गावातल्या म्हातारीची हरवलेली कढई शोधून देणे, नकाशावरचा जवळचा एखादा कोपरा पाहणे. आरपीजीमध्ये असली कामे ढिगाने असतात आणि ती रविवारच्या मोठ्या बैठकीत आली की फार जीवावर येतात.

मोठी बैठक दीड-दोन तासांची, आठवड्यातून एकदा. तिच्यात मुख्य कथा. रविवारी मासळीबाजार, जेवण, झोप उरकली की चार ते सहा बरी पडते. कुणाला शनिवारची रात्र जमेल. ही वेळ घरात सांगून ठेवायची. या बैठकीला आठवडाभराची झोळी आवरलेली असते, पात्र तयार असते, त्यामुळे दोन तासांत कथा खरोखर पुढे सरकते.

‘पर्सोना 5’सारख्या गेममध्ये याहून सोपे आहे. तिथे कॅलेंडर असते: सकाळी शाळा, संध्याकाळी कुणाला तरी भेटणे, रात्री झोप. गेममधला एक दिवस संपला की आपलाही दिवस संपवायचा. राजवाड्यात शिरायचे दिवस मात्र मोठ्या बैठकीसाठी राखा, सुरक्षित खोल्यांची अट असल्याने.

एक पथ्य कडक पाळा. शेवटच्या दहा मिनिटांत नवे दार उघडू नका, नव्या माणसाशी बोलू नका, आणि गेमने ‘पुढे गेल्यास मागे येता येणार नाही’ अशी सूचना दिली तर हात आखडता घ्या. त्या सूचनेमागे लढाई असते, लढाईमागे पंधरा मिनिटांचा कटसीन (नुसता पाहायचा प्रसंग), आणि सकाळी सातला पाववाल्या पोदेराचा पोंपों ऐकू येतो तेव्हा डोळे उघडत नाहीत.

6. उठण्यापूर्वीची पाच मिनिटे

या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, ही पायरी सोडू नका.

प्रथम थांबायची जागा. प्रसंग पूर्ण संपवून उठावे असे वाटते, पण मला उलट अनुभव आहे. सगळे संपलेले असले की पुढच्या वेळी कुठे जायचे तेच कळत नाही. प्रसंग संपवा, पुढचे काम घ्या, त्या कामाच्या वाटेवर चार पावले चाला, आणि तिथे सेव्ह करा. पुढच्या वेळी गेम उघडेल तेव्हा पात्र जायच्या दिशेला तोंड करून उभे असेल. हातघाईच्या गेममध्ये शत्रूच्या तोंडावर मात्र सेव्ह करू नका. सवय मोडलेल्या हाताने पहिल्याच सेकंदाला मार खाल.

मग वही. फोनमधले नोट्स चालतील, पण कन्सोलजवळ पडलेली साधी वही जास्त वापरली जाते. तीन गोष्टी लिहायच्या: कुठे आहे, पुढे काय करणार, आणि कशाचा संशय आहे. उदाहरण:

‘नोव्हिग्राड. सिरी शेवटची डँडेलियनबरोबर दिसली, म्हणून डँडेलियनला शोधतोय. ट्रिस भेटली. आता त्याच्या मैत्रिणींच्या घरी एकेक करून जायचे. राजा राडोविड माणूस बरा वाटत नाही.’

गेमच्या आतल्या नोंदवहीत पहिले दोन मुद्दे असतातच. तिसरा तिथे कधीच नसतो, आणि कथा परत अंगात भिनते ती त्या तिसऱ्यामुळे. आपण कुणावर विश्वास ठेवला होता, कुणाचा राग आला होता, हे वाचले की दोन महिन्यांपूर्वीचा आपण समोर येऊन बसतो. हातघाईच्या गेमसाठी शेवटच्या पानावर बटणे लिहून ठेवा: चुकवणे कुठे, औषध कुठे, घोडा बोलावणे कुठे. महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी स्क्रीनशॉट घ्या. आता बहुतेक यंत्रांवर ते एका बटणाचे काम आहे.

आणि सेव्ह एकच ठेवू नका. दोन-तीन आलटून पालटून वापरा. वीज गेल्याच्या क्षणी अर्धवट लिहिली गेलेली फाइल खराब होऊ शकते.

7. चवथ, जत्रा आणि इतर खंड

खंड पडणारच. चतुर्थीला घर भरलेले, गणपतीवर माटोळी बांधायची, दीड दिवसाचा गणपती असला तरी तयारी आठवडाभराची. मग दिवाळी, मग नोव्हेंबरपासून एकामागून एक जत्रा, आणि गावच्या नाटकात तुम्हीच काम करत असाल तर तालमींचा महिना वेगळा. हे सगळे कॅलेंडरवर आधीच दिसते. चवथीच्या आधीच्या आठवड्यात नवा अंक सुरू करू नका. चालू असलेला कसाबसा संपवा आणि नोंद लिहून गेम मिटा. पावसाळा हा आपला खरा हंगाम. जूनमध्ये सुरू केलेला पन्नास तासांचा गेम आठवड्याला चार-पाच तासांनी साधारण चवथीच्या सुमारास संपतो. शंभर तासांचा असेल तर चवथीची सुट्टी मध्ये येणार हे धरूनच आखणी करा.

खंडानंतर परतताना सगळ्यांना एकच मोह होतो: पहिल्यापासून सुरू करू या. नका करू. पहिल्यापासून सुरू करणारा तेच पंधरा तास तीनदा खेळतो आणि सोळावा त्याला कधी दिसत नाही. त्याऐवजी असे करा. वही वाचा. गेमचा सारांश ऐका. नोंदवहीत संपलेल्या कामांची यादी वरून खाली नजरेखालून घाला. तरी धागा लागला नाही तर आपण पोहोचलो आहोत तिथपर्यंतचाच कथासार यूट्यूबवर पाहा, आणि पुढचे दिसू नये म्हणून खालच्या कॉमेंट उघडू नका. मग ज्या भागात शत्रू दुबळे आहेत तिथे जाऊन वीस मिनिटे नुसती मारामारी करा. बोटे आधी आठवतात, गोष्ट त्यांच्या मागून येते. मुख्य कथा त्या दिवशी पुढे नेऊ नका.

8. काय सोडायचे ते आधीच ठरवा

‘विचर 3’मध्ये स्केलिगच्या समुद्रावर प्रश्नचिन्हांचा सडा पडलेला दिसतो. बहुतेक ठिकाणी तस्करांनी बुडवलेला माल असतो, बाकी काही नाही. सोडा. सगळ्या ट्रॉफ्या, सगळे पत्ते, सगळी चिलखते, सोडा. त्याच गेममधला ग्वेंट हा पत्त्यांचा खेळ मात्र मी सोडा म्हणणार नाही, कारण ज्याला तो लागला त्याला सांगून उपयोग नसतो. ‘पर्सोना’मध्ये सगळ्यांशी मैत्री शेवटपर्यंत नेण्याचा हट्ट नको, चार-पाच माणसे निवडा.

जोडकथांमध्ये कसली धरायची आणि कसली सोडायची? माणसाचे नाव आणि त्याची अडचण असेल ती धरा. ‘दहा लांडगे मारून आण’ असेल ती सोडा. कोड्यात वीस मिनिटांहून जास्त अडकलात तर मार्गदर्शिका उघडा. ‘बॉल्डर्स गेट 3’मध्ये पडलेला फासा बरा नाही म्हणून दर वेळी मागचा सेव्ह लोड करू नका, तास तर जातातच, आणि फसलेल्या डावांतून निघणारी मजेशीर गोष्टही हातची जाते.

9. घरातल्यांचे

हॉलमधल्या टीव्हीला कन्सोल जोडला असेल तर मालिकेच्या वेळेशी भांडण होणार आणि त्यात तुम्ही हरणार. स्वतंत्र छोटा मॉनिटर किंवा हातातले यंत्र घ्या. ‘विचर 3’ आणि ‘बॉल्डर्स गेट 3’ दोन्हींना युरोपात 18 वर्षांवरील असा शिक्का आहे, म्हणजे मुले झोपल्यावरच.

आई विचारतेच, “अरे, हा तोच गेम ना? गेल्या चवथीला होता तो?” हो, तोच. रात्रभर दशावतार पाहिलेल्या बाईला लांबलचक कथा समजावून सांगावी लागत नाही. तिला दहा मिनिटे बसवून कोण कुणाचा कोण ते सांगून बघा, तुमचीच उजळणी होते.

नवरा-बायको दोघांनाही गोडी असेल तर ‘बॉल्डर्स गेट 3’ पीसी आणि पीएस5वर स्क्रीन दुभागून दोघांना खेळता येतो. नसेल तर कंट्रोलर एकाकडे आणि संवादांची निवड दुसऱ्याकडे. ‘डिस्को एलिझियम’ असा फार रंगतो; आपण ज्याला सरळ उत्तर देणार होतो त्याला बायको काय ऐकवायला सांगते ते पाहण्यासारखे असते. पण मग ‘तिच्याशिवाय पुढे जायचे नाही’ हा करार पाळावा लागतो, आणि गेम दोघांच्या वेळापत्रकाने चालतो, म्हणजे दुप्पट हळू.

10. सोडायचा कधी, पुढचा घ्यायचा कधी

स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांत कथा आवडली का ते पाहू नका, तेवढ्यात ती कळत नाही. तुमच्या पीसीवर नीट चालतो का, अक्षरे वाचता येतात का, सेव्हची पद्धत जमण्यासारखी आहे का, एवढे तपासा. कथेला पाच-सहा तास द्या. त्यानंतरही बसमध्ये, जेवताना, झोपण्यापूर्वी एकदाही त्यातल्या माणसांचा विचार मनात आला नाही तर गेम काढून टाका, वहीतले पान फाडा.

एका वेळी एकच लांब गेम. दुसरा हवाच असेल तर त्याला कथा नसावी: फुटबॉल, गाड्या, पत्ते. दोन राज्यांचे दोन वारस डोक्यात एकत्र राहत नाहीत.

मुख्य कथा संपली की जोडभाग लगेच सुरू करू नका. ‘विचर 3’चा ‘ब्लड अँड वाइन’ हा 2016चा जोडभाग स्वतःच पंधरा-वीस तासांचा आहे. त्याला पुढचा पावसाळा द्या. स्टीमचा उन्हाळी सेल सहसा जूनच्या अखेरीला लागतो आणि जुलैत शिरतो, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात. आवडलेली नावे तोवर विशलिस्टमध्ये टाकून ठेवा आणि सेलमध्ये त्यातले एकच उचला, तेही चालू गेमची शेवटची नोंद वहीत लिहून झाली असेल तर.